नव्या कणगीतला सरकारी तांदूळ

पेणहून निघताना आमच्या टेम्पोत गव्हाच्या गोण्या, एक वजनकाटा आणि पोह्याच्या पापडांची एक पिशवी होती. पापड माझे. पेणला जाऊन पापड न आणणाऱ्या माणसाला आमच्या लातूरच्या घरी पाणीसुद्धा कोणी विचारत नाही. गोदामाच्या दारात टेम्पोवाले नामदेवदादा गोण्या मोजून घेत होते आणि मी त्यांच्या मागे उभी राहून पुन्हा मोजत होते. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, मी पन शाळंत गेलेलो हाय." मी गुपचूप पुढच्या सीटवर जाऊन बसले.

मी एका मदत संस्थेत काम करते. पूर आला, दरड कोसळली की धान्य घेऊन धावायचं, हे आमचं वर्षानुवर्षांचं काम. धावून धावून एवढं कळलं की लोकांचं रेशन मुळात वेळेवर आणि घराजवळ पोचलं, तर आमची निम्मी धावपळ वाचते. म्हणून आता आम्ही सरकारी पुरवठा खात्याबरोबरच काम करतो. गोदामात थप्पी कशी लावायची, ओल कशी रोखायची, पावसात तुटणाऱ्या वाड्यांवर साठा आधीच कसा पोचवायचा, असले उद्योग. ऐकायला रुक्ष वाटतं खरं. माझ्या आईला मी 'तांदळाच्या गाडीवर' असते एवढंच ठाऊक आहे, आणि तिचं फारसं चुकत नाही.

या वेळची वाडी रोह्याच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. वाडी आणि खालचं रेशनचं दुकान यांच्यामध्ये एक वहाळ (ओढा) आहे. उन्हाळ्यात त्यात पोरं गोट्या खेळतात आणि पावसाळ्यात त्यात माणूस उभा राहत नाही. वाडीतल्या बचत गटाची प्रमुख चांगुणा गेल्या पावसात डोक्यावर तांदूळ घेऊन तो ओलांडत होती. पाय सरकला, ती कशीबशी काठाला लागली, पिशवी मात्र गेली. महिन्याभराचा तांदूळ डोळ्यांदेखत वाहून गेला, हे तिने मला पहिल्या भेटीत हसत हसत सांगितलं होतं. मला काही हसू आलं नाही. त्यानंतर बराच खटाटोप करून खात्याने एक तयारी दाखवली. पावसाळ्याचा साठा वाडीतल्या समाजमंदिरातच ठेवून बघायचा आणि तो बचत गटाने सांभाळायचा. तांदूळ आदल्या आठवड्यात पोचला होता. आज गहू घेऊन मी जाणार, दुपारी पुरवठा निरीक्षक तपासणी करणार, आणि त्यांना पटलं तरच साठा तिथे राहणार. नाही पटलं तर सगळा माल परत खाली, आणि चांगुणा पुन्हा वहाळात.

नामदेवदादांनी वडखळहून वाट वाकडी करून टेम्पो आधी धरमतरकडे घेतला. त्यांचं घर खाडीकाठी. घरी विसरलेला जेवणाचा डबा घ्यायचा, असं कारण त्यांनी सांगितलं. खरं कारण मला मिठागरं दाखवायची होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. उन्हात मिठाचे ढीग असे पांढरे दिसत होते की डोळे बारीक करावे लागले. लांब जेट्टीला एक मालवाहू बार्ज टेकलं होतं आणि चिखलात बगळे आपापल्या कामाला लागले होते. दादांच्या बायकोने डब्यासोबत सुकटीची पुडी आणि एक पिशवी जाड मीठ माझ्या मांडीवर ठेवलं. मी नको नको म्हणत होते. "घे गो," ती म्हणाली, "तुमच्या लातूरला असा मीठ नाय मिलायचा." लातूरला मीठ मिळतं हे सांगण्यात काही अर्थ नव्हता. मी घेतलं, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं.

गडबला हायवेच्या कडेला ताडगोळे विकणाऱ्या मावशी बसल्या होत्या. उन्हातून आल्यावर तो गार, गोड गर तोंडात टाकावा आणि थोडा वेळ कोणाशी बोलू नये. मी एकामागून एक किती खाल्ले ते सांगत नाही. हायवेचं म्हणाल, तर तो अजून तयार होतोच आहे. एका खड्ड्यात टेम्पो असा उडाला की मागची गव्हाची गोणी सरकून माझ्या पापडांवर विराजमान झाली. नागोठण्याला उतरून पाहिलं तेव्हा पिशवीत पापड नव्हते, पापडांचा चिवडा होता. दादा म्हणाले, वर कांदा मारून खा. मी रागावणार होते, पण तोवर मलाच हसू फुटलं.

रोह्याला कुंडलिकेच्या पुलावरून शहरात शिरलो. कंपनीची पहिली पाळी भरलेली होती, त्यामुळे रस्ते मोकळे. निरीक्षक देवरेसाहेब शेजारच्या वरशाला राहतात, तिथे त्यांना वर्दी द्यायला थांबलो. हा खानदेशचा माणूस किडकिडीत, काटेकोर, आणि बोलणं मोजून मापून. ते म्हणाले, तुम्ही पुढे व्हा, मी वाटपाचं अंगठ्याचं मशीन घेऊन मोटारसायकलने येतो. गोण्यांची शिलाई आणि त्यावरची लेबलं शाबूत असली की माझं काम लगेच आटोपेल. मी म्हणाले, त्याची काळजीच करू नका. मागच्या महिन्यात मी स्वतः वाडीत दोन दिवस राहून बायकांना सगळं शिकवलं होतं. फळ्या, थप्पी, भिंतीपासूनचं अंतर, उंदरांची वाट. माझ्या कामाचा मला भारी अभिमान, आणि गर्वाचं घर खाली असतं हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे.

डोंगराचा चढ संपला, करवंदीच्या जाळ्या लागल्या, आणि त्या जाळ्यांवर काहीतरी वाळत घातलेलं दिसलं. आधी वाटलं गोधड्या असतील. जवळ गेलो तर गोणपाटं. सरकारी छाप असलेली, स्वच्छ धुतलेली, रांगेने पसरलेली रिकामी गोणपाटं. दादांनी टेम्पो थांबवला. मी उडी मारूनच खाली उतरले.

चांगुणा पदर खोचून धावतच आली. साठीला टेकलेली, उन्हाने काळवंडलेली, आणि चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद. माझा हात धरून तिने मला समाजमंदिरात नेलं. मी लावायला शिकवलेल्या फळ्या जागच्या जागी होत्या, भिंतीपासून बरोबर अंतर सोडून. त्यांच्यावर गोण्या नव्हत्या. त्यांच्यावर उभ्या होत्या नव्याकोऱ्या कणग्या (बांबू विणून शेणामातीने लिंपलेली धान्याची कोठारं). लिंपण खडखडीत वाळलेलं, प्रत्येकीवर हळदीकुंकवाची बोटं, आणि आत काठोकाठ सरकारी तांदूळ.

"तूच बोललीस ना गो ताई, घरचा दाना समजून सांभाला," चांगुणा म्हणाली. "घरचा दाना आमी गोणीत नाय ठेवत."

हे मी म्हटलं होतं. प्रशिक्षणाच्या शेवटी, टाळ्या मिळाव्यात म्हणून म्हटलं होतं, आणि मिळाल्याही होत्या. साऱ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी बांबू तोडला होता, विणला होता, लिंपला होता. ओरडायचं कुणावर? मी तिथेच फळीवर बसले आणि सांगितलं, बायांनो, साहेबांना शिवलेल्या गोण्या बघायच्या आहेत, लेबलासकट. गोण्या नाहीत तर आलेला माल तेवढाच आहे हे कळणार कसं? ते नापास करतील आणि सगळा तांदूळ परत जाईल. चांगुणाच्या चेहऱ्यावरचा आनंद उतरला. मग तिने खुंटीवरून एक सुतळी काढून दाखवली. सगळी लेबलं तिने माळेसारखी ओवून ठेवली होती. छान दिसत होती म्हणून, असं म्हणाली.

मग जी धांदल उडाली ती मी जन्मभर विसरणार नाही. गोणपाटं जाळ्यांवरून उतरली. उन्हाचा कडाका असा होता की ती पापडासारखी कडक झाली होती. एक बाई तोंड धरायची, दुसरी सुपाने ओतायची, तिसरी दाभणाने शिवायची. म्हाताऱ्या खाली सांडलेले दाणे वेचत होत्या. कुणीतरी लग्नातलं गाणं धरलं आणि त्यात नवरीच्या जागी तांदळाला घातलं, सासरी आला नि लगेच माहेरी निघाला म्हणून. नामदेवदादा वजनकाटा मांडून नवरदेवाच्या मामासारखे मध्ये उभे. भीती होतीच, पण मी हसतही होते, आणि दोन्ही एकदम होत होतं.

इतक्यात मोटारसायकलचा आवाज आला. साहेब वेळेच्या आधीच हजर. अर्ध्या गोण्या शिवलेल्या, अर्धा तांदूळ कणग्यांत, आणि माझ्या केसांत तांदळाचा कोंडा. साहेबांनी सगळीकडे नजर फिरवली. ते काही बोलायच्या आत चांगुणा पुढे झाली आणि म्हणाली, आधी पानावर बसा, चूक कुठं पळून जात नाय. कोणी आलं की आधी जेवण, मग बोलणं, हा इथला कायदा साहेबांनाही मोडता आला नाही. भात, कुळथाचं पिठलं, दादांच्या घरची भाजलेली सुकट आणि कच्च्या आंब्याची चटणी. आम्ही तिघंही भुकेले होतो. साहेबांनी दोनदा भात घेतला, मी तीनदा. जेवताना चांगुणाने त्यांना आपल्या तोंडाने सगळं सांगून टाकलं, एक शब्दही लपवला नाही. ते मान खाली घालून जेवत राहिले.

जेवण झाल्यावर त्यांनी स्वतः काट्याजवळ उभं राहून एकेक गोणी वजन करून घेतली. लेबलांची माळ तपासली. शेवटची गोणी काट्यावर आली तेव्हा ती निम्मीच भरलेली होती. सगळ्या कणग्या उलट्या करून झाडल्या, काही उरलं नव्हतं.  साहेबांनी विचारलं, "बाकीचा तांदूळ कुठे गेला?"

चांगुणाने पदराने कपाळ पुसलं. "नवी कणगी भरली की पयला भात सगल्या वाडीनं एकत्र जेवायचा, आन् पयल्या पावन्याला तिच्यातलाच वाढायचा. वाडी जेवली त्या दिवशी. पावने आता जेवले, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पोटाकडे पाहिलं. नामदेवदादा काट्याच्या आड तोंड लपवून हसत होते.

चांगुणा मात्र हसत नव्हती. तिने कमरेची पिशवी सोडून आपलं रेशनकार्ड काढलं आणि साहेबांसमोर धरलं. ती म्हणाली, हा माझा वाटा समजा, याच महिन्याचा, आजच वाटला आणि आजच खाल्ला. मशीन आनलंय ना, अंगठा घ्या. साहेबांनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मला वाटलं, संपलं. मग ते म्हणाले, इथे नेटवर्क कुठे मिळतं? वरच्या कातळावर मिळतं असं कळल्यावर साहेब मशीन घेऊन पुढे, चांगुणा कार्ड घेऊन मागे, आणि तिच्यामागे अख्खी वाडी वरातीसारखी, अशी आमची चढाई निघाली. कातळ तव्यासारखा तापला होता. पहिल्यांदा अंगठा लागला नाही, तांदळाचं पीठ बसलं होतं हातांवर. तिने तो लुगड्याला घासून घासून पुसला आणि पुन्हा ठेवला. मशीनने पावती बाहेर टाकली आणि पोरींनी टाळ्या वाजवल्या. त्या साठ्यातलं ते पहिलं वाटप.

साहेबांनी कातळावरच गुडघ्यावर कागद ठेवून शेरा लिहिला. साठा इथेच राहील. कणग्या मात्र घरोघरी न्यायच्या, सरकारी माल गोणीतच राहणार, त्यात तडजोड नाही. बायकांनी माना डोलावल्या. उतरताना एकेकीने सांगून टाकलं की चांगुणाचा वाटा जेवणात गेला तो आम्ही घरोघरच्या सुपांतून भरून देऊ. मी म्हणाले, मीही देते, तीनदा भात घेतला मी. चांगुणाने माझ्याकडे असं काही बघितलं की मी मुकाट उतरायला लागले.

ऊन कलल्यावर आम्ही निघालो. टेम्पो रिकामा, रस्ता उताराचा, आणि वाडीतल्या बायका अर्ध्या वाटेपर्यंत सोबत. कोरड्या वहाळापाशी चांगुणा थांबली. खिडकीतून हात घालून तिने माझा दंड धरला.

"पावसात ये गो ताई. रस्ता नसंल, पन भात असंल. येताना कायबी आनू नकोस."

पेणपर्यंत नामदेवदादा काहीबाही बोलत होते, मी हं हं करत होते. इतक्या वर्षांत मी कितीतरी गावांत पावसातच गेले आहे. दर वेळी लोकांनी आधी माझ्या गाडीकडे पाहिलं, काय आणलंय ते बघायला, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. रिकाम्या हातांनी ये, असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. लातूरला पोचल्यावर पापडांचा चुरा बघून आई रागावली, मिठाची पिशवी बघून हसली. मी तिला सांगितलं की पावसाळ्यात चार दिवस रजा टाकणार आहे. कुठे पूर येणार आहे का, तिने विचारलं. मी म्हणाले, नाही, जेवायला बोलावलंय.