बिनतारी हातावरचे नाव

शेजारच्या बयनाबाई म्हणत, माणूस वाईट नव्हता, पण पोराच्या तोंडचा घास त्याने काढला तो काढलाच. गल्लीतले इतर जण त्यात आपापली भर घालत. कुणी म्हणे, लाईनमन वामनरावाला म्हातारपणी नावाची भूक लागली. कुणी म्हणे, दहा वर्षे फुकट शिकवत होता ते याचसाठी. दबा धरून बसला होता. हे सारे त्यांच्या दारासमोरून जाता-येता, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलले जाई. वामनराव ओट्यावर बसून सायकलची चेन साफ करीत राहत.

आदिलाबादेत टेलिफोन खात्यात ते लाईनमन होते. मूलबाळ नव्हते. ड्यूटीवरून आले की ओट्यावर शाळकरी पोरांचा घोळका जमे आणि लिलावात मातीमोल मिळालेल्या भंगारातून काहीबाही हलू-फिरू लागे. दरवर्षी जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांची पोरे उतरत आणि दरवर्षी कुणाच्या नात्यातल्या इंजिनिअरकडून बनवून आणलेले एखादे चकचकीत यंत्र बक्षीस घेऊन जाई. उत्कृष्ट मार्गदर्शकाचा कपही, ज्यांनी यंत्राला बोट लावले नाही अशा मुख्याध्यापकाकडे जाई.

हा अन्याय वामनरावांना सलत असे. दरसाल ते समितीचे प्रमुख बाबाराव मास्तरांकडे जाऊन तेच बोलत. अखेर समितीने त्यांची रीत मान्य केली. यंत्राच्या प्रत्येक भागावर, आतल्या बाजूने, तो भाग करणाऱ्याचे नाव रंगाने लिहायचे. परीक्षक भाग उघडणार, नाव वाचणार आणि त्याच मुलाला त्याबद्दल विचारणार. मार्गदर्शकाचे नाव एखाद्या जरी भागावर निघाले, तर संघ स्पर्धेतून बाद आणि मार्गदर्शकाचा कपावरचा हक्कही गेला. बाबाराव तेव्हा हसून म्हणाले होते, "वामनराव, तुमी तर स्वतःच्याच पायात बेडी घालून राह्यले."

एक्क्याण्णव सालच्या संघात तिघे होते: दोन मुली आणि खुशाल. खुशाल प्रयागबाईचा मुलगा. ती बाजारात भाजी विके; पलीकडच्या आळीत राही. त्या वर्षी त्यांनी एक हात केला होता. सायकलच्या तारांची बोटे, जीपच्या वायपरची मोटर, आणि समोर डब्यात रोवलेली कपाशीची वाळकी पऱ्हाटी. हात पुढे जाई, बोंडातला कापूस चिमटीत धरी आणि टोपलीत टाकी. मुख्य गोष्ट ही, की त्याला बटणाची तार नव्हती. खेळण्यातली मोडकी मोटारगाडी आणि जुना रेडिओ यांतून खुशालने एक डबी जुळवली होती. मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून बटण दाबले तरी हात हले. डबीच्या झाकणाच्या आत पांढऱ्या रंगात त्याने स्वतःचे नाव लिहिले होते, वळणदार आणि गरजेपेक्षा मोठे. पहिला क्रमांक आला, तर हैदराबादच्या तांत्रिक शाळेत वसतिगृहासकट जागा मिळणार होती. प्रयागबाईने त्याच्यासाठी ट्रंक आणून ठेवली होती.

पहिल्या दिवशी नुसती मांडामांड होती. खुशाल बॅटरी चार्ज करून आणायला गेला, मुली जेवायला गेल्या. टेबलापाशी वामनराव एकटे होते. गावातल्या एका ओळखीच्या दुकानदाराने हात हलवून दाखवा म्हटले, म्हणून त्यांनी लांबून बटण दाबले. लोक हसले, टाळ्या वाजल्या. गर्दी पांगली, तरी सफारी घातलेला एक माणूस तिथेच राहिला.

"बढिया है," तो म्हणाला. "किसका दिमाग है इसमें?"

पोरांनी मिळून केले, असे वामनराव म्हणाले. मिळून कधी काही होत नसते, असे तो हसून म्हणाला आणि निघून गेला. थोड्या वेळाने धोतर नेसलेला, शेतकऱ्यासारखा दिसणारा दुसरा माणूस आला. त्याने पऱ्हाटीकडे पाहिलेच नाही. वाकून डबीला कान लावावा तसा तिच्याजवळ गेला आणि तेलुगूत तोच प्रश्न विचारला: हे कुणी केले? वामनराव पऱ्हाटी सारखी करू लागले. उद्या परीक्षक नावे विचारतील तेव्हा कळेलच, असे तो शांतपणे म्हणाला. त्याच्या पायांत शेतकऱ्याच्या वहाणा नव्हत्या; करड्या रंगाचे कॅनव्हासचे बूट होते.

यातला पोलीस ठाण्याचा कोण आणि जंगलातल्या नक्षलवाल्यांचा कोण, हे वामनरावांना ठरवता येईना. पण प्रश्नाचा अर्थ त्यांना कळला होता. मागल्या उन्हाळ्यात रानातली तुटलेली लाईन जोडायला ते गेले होते, तेव्हा रस्त्यावरचा पूल उडालेला होता. नालीतून एक वायर सागाच्या झाडीपर्यंत गेली होती. तिच्या मागावर शिपाई गेले आणि बटण दाबणारे दोघे संध्याकाळपर्यंत हाती लागले. परतणाऱ्या ट्रकमध्ये एक जमादार सहज म्हणाला होता, की वायर होती म्हणून माग लागला. नसती तर काय केले असते?

वायर नसलेले बटण करणारे पंधरा वर्षांचे पोर या जिल्ह्यात आहे, एवढे कळणे दोन्हीकडच्यांना पुरेसे होते. एक बाजू त्याला उचलून नेणार, दुसरी बोलावून नेणार. प्रयागबाईच्या दृष्टीने दोन्हींत फरक नव्हता.

डबी बिघडवावी, असे त्यांच्या मनात आले. पण ती चालताना दोघांनी पाहिली होती. प्रश्न उत्तरावाचून राहिला, तर तो विचारत घरोघर फिरणार. त्याला एक नाव देणे भाग होते. खुशालला सांगावे, तर तो लपणारा नव्हता. रस्त्यातल्या माणसाला थांबवून डबी समजावून सांगणारे पोर ते. नाव लपव म्हटले असते, तर चढ्या आवाजात सांगितले असते.

दुसऱ्या दिवशी हॉल उघडताच वामनराव आत गेले. झाकण काढले, ब्लेडने नाव खरवडले. मोठ्या अक्षरांना वेळ लागला. मग त्याच जागी पांढऱ्या रंगात आपले नाव लिहिले. रंग वाळायच्या आतच परीक्षक आले. तिन्ही मुले टेबलामागे इस्त्रीच्या कपड्यांत उभी होती. गर्दीत करडे बूट होते. सफारीवालाही खांबाला टेकून उभा होता.

बाबारावांनी झाकण उघडले. त्यांच्या अंगठ्याला रंग लागला.

"ही डबी कोणी केली?"

खुशालने तोंड उघडले. त्याच्या आधी वामनराव बोलले, "मी."

खुशाल त्यांच्याकडे वळला. त्याला वाटले, आपल्याला नीट ऐकू आले नाही. बाबारावांनी अंगठ्याचा रंग रुमालाला पुसला. माघार घ्यायला जागा ठेवावी, अशा स्वरात म्हणाले, "नियम तुमचाच हाये, वामनराव."

"मले पाठ हाये. पोरायले यातलं काही येत नाही. सगळं मीच केलं."

दोन्ही मुली रडू लागल्या. खुशाल रडला नाही. त्याने बॅटरीच्या तारा सोडवल्या, बॅटरी काखेत मारली आणि हॉलच्या बाहेर चालू लागला. खांबाजवळून जाताना सफारीवाल्याने त्याच्याकडे पाहिलेही नाही. तो वामनरावांकडे पाहत होता.

त्यानंतर वामनरावांच्या ओट्यावर पोरे आली नाहीत. लोक आले. कधी जीप येई. त्यांना घेऊन जाई आणि दुसऱ्या दिवशी सोडी. कधी कुणी जुना रेडिओ दुरुस्तीला आणून, दुरुस्ती न सांगता, बसून राही. आपण केली म्हणून सांगितलेली ती डबी त्यांना करता येत नव्हती. कुणीतरी समोर बसवून करायला लावील, ही धास्ती त्यांना होती. ते एकटेच जुळवत बसत. एकदा जमली, तेव्हा त्यांनी ती दगडाने ठेचून चुलीत घातली. जेवताना ते दाराकडे तोंड करून बसू लागले.

खुशाल हैदराबादला गेला नाही. इथेच शिकला आणि पुढे मंचेरियलकडच्या कोळशाच्या खाणीत विजेच्या कामावर लागला. सणाला घरी येई, तेव्हा वामनरावांची गल्ली टाळून जाई.

अठ्ठ्याण्णव साली त्याचे लग्न ठरले. प्रयागबाई पत्रिका घेऊन आली. पत्रिका तिने ओट्यावर ठेवली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. बयनाबाई आपल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्याच आठवड्यात रानात आणखी एक पूल उडाला होता आणि समोरच्या चहाच्या टपरीवर एक अनोळखी माणूस सकाळपासून वर्तमानपत्र उघडून बसला होता. त्याने अजून पान उलटलेले नव्हते.

प्रयागबाई म्हणाली, "वामनभाऊ, पोरगं सांगते, बोलावू नको त्यायले. मीच आली. एक सांगा मले. तुमच्यावर भरोसा ठेवून धाडत होती मी त्याले. तुमी त्याचं नाव काऊन पुसलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. एवढ्या वर्षांत कुणी असे विचारले नव्हते. एक वाक्य पुरले असते. ते तिने मुलाला सांगितले असते, मुलाने खाणीतल्या सोबत्यांना सांगितले असते, की ती डबी माझीच होती. वामनरावांनी एकदा टपरीकडे पाहिले आणि आवाज तिथवर जाईल इतका चढवला.

"पुसलं. मले माझं नाव पाह्यजे होतं."