न थुंकलेला घोट

मी पदवीधर झालो तो थोरल्या बहिणीमुळे, सुमनअक्कामुळे. द्राक्षमळ्यात घड विरळायला जाऊन तिनं मला शिकवलं आणि कॉलेजला धाडताना दारू न पिण्याची शपथ घातली.

परवा संध्याकाळी ऑफिसच्या लोकांबरोबर गावाकडच्या वायनरीत गेलो. "ही वाइन समोरच्याच मळ्यातली. जिभेवर घोळवा आणि भांड्यात थुंका," तिथल्या बाई म्हणाल्या. थुंकायचंच आहे म्हणून मीही घोट घेतला. सगळे चवीचं कौतुक करत थुंकत होते. समोर अक्का राबते तो मळा उन्हात पिवळा झाला होता. एकेका घडाला तिचा हात किती वेळा लागतो, ते मी लहानपणापासून पाहिलंय.

"साहेब, थुंका की," शेजारचा हसला.

घरी येऊन पत्र लिहिलं: "अक्का, शपथ मोडली. तुझ्या हातचं होतं, थुंकवलं नाही."