फलाटावरची राखण

वाशीच्या पुढे जे नवं स्टेशन झालं, त्याचा फलाट आमच्या भातशेतावर उभा आहे. फलाटावरच्या पाण्याच्या नळापासून सात पावलांवर आमचा बांध होता, हे वडील डोळे मिटून सांगायचे. दरवर्षी भात कापून झालं की त्या बांधावर ते कोंबडा कापायचे. शेताच्या राखणदाराला रक्त दिलं की तो घरच्या माणसाला हात लावत नाही. याला आम्ही राखण म्हणतो. जमीन रेल्वेत गेली आणि राखण बंद पडली. शेतच नाही तर राखण कसली, असं मीच ऐटीत म्हणालो होतो.

पुढच्या वर्षी थोरला भाऊ गाडीखाली गेला. गावात यायची जुनी पायवाट आता रुळांवरून जात होती, पण आम्ही सगळे तिथूनच यायचो. स्वतःच्या शेतातून चालताना कोण डावीउजवीकडे बघतं? त्याला आम्ही चादरीत गोळा करून आणलं. वडील रडले नाहीत. पण मला मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर नोकरी लागली, मीही रोज तेच रूळ ओलांडू लागलो, आणि त्यांची झोप उडाली.

एका रविवारी दुपारी शेजारीण धावत आली. "तुजा बापूस कोयता घेऊन ठेसनावर गेलाय!"

मी पोचलो तेव्हा ते बांधाच्या जागेवर उभे होते, काखेत कोंबडा. लोक ओरडत मागे सरले होते. एका पोलिसाने त्यांच्या पाठीत काठी घातली. "ए म्हाताऱ्या, खाटीकखाना आहे का हा?" दुसरी काठी मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. कोंबडा सुटला आणि रूळ ओलांडून पलीकडच्या गवतात पळाला.

वडिलांनी दुसऱ्या हातातला कोयता काही सोडला नाही. "यो आमचा बांध हाय! रगात सांडल्याबिगर मी हलनार नाय!"

लोक हसले. त्यात आमच्या गाळ्यावरचे दोघेही होते. माझं डोकं फिरलं. राग पोलिसावर यायला हवा होता, आला वडिलांवर. मी कोयता हिसकावला आणि त्यांना जोरात ढकललं. ते सिमेंटच्या बाकाच्या कडेवर आदळले. कपाळ फुटलं. रक्त नाकावरून हनुवटीवर आलं, तिथून फरशीवर टपटपलं.

पोलिसानेही उगारलेली काठी खाली घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी गुडघ्यावर बसून रुमाल त्यांच्या कपाळाला लावू लागलो. त्यांनी माझा हात बाजूला सारला. आधी फरशीवरच्या रक्ताकडे पाहिलं, मग नळाकडे, मग पुन्हा रक्ताकडे.

"बरोबर बांधावर परलंय," ते म्हणाले. भाऊ गेल्यापासून मी त्यांना इतकं निवांत पाहिलं नव्हतं. "झाली राखन. आता तुला काय व्हनार नाय, पोरा."