चांदव्यांचे कंट्रोलर

कंट्रोलरकाकांच्या लेखी पक्षी उडत नसे, सुटत असे. नेदरलँड्सच्या नीउ-व्हेनेप गावी आमच्या वस्तीतल्या तळ्यावरून बगळा उठला की ते मनगटावरचं घड्याळ बघून म्हणत, "सात दहा. सुटला." आणि वहीत लिहीत. कराडच्या बस स्थानकात वाहतूक नियंत्रक म्हणून तीस वर्षं काढलेल्या माणसाला याहून वेगळं पक्षीनिरीक्षण जमणं शक्यच नव्हतं.

ते आमच्या शेजारच्या मंदारचे वडील. गुडघ्यांमुळे काकूंना प्रवास झेपत नव्हता, म्हणून फेब्रुवारीत एकटेच लेकाकडे आले आणि मार्चमध्ये करोनामुळे विमानं बंद झाली. घरात लेक आणि सून दिवसभर मीटिंगमध्ये. माझ्याकडेही तेच. नवऱ्याने जेवणाचं टेबल बळकावलेलं, आणि मी त्याच्या व्हिसावर आलेली, बिननोकरीची, कुकरसुद्धा त्याच्या कॉलच्या वेळा बघून लावणारी. त्यामुळे रोज सकाळी आम्ही दोघंही तळ्यावर असायचो. दीड मीटर अंतर ठेवून बोलायचं म्हणजे ओरडणं आलंच, आणि काकांचा आवाज तर फलाटावर तयार झालेला. सायकलवरून जाणारी माणसं दचकून डचमध्ये शुभ सकाळ म्हणायची. काका उलट "रामराम" ठोकायचे.

एप्रिलअखेर काठाजवळ चांदव्यांच्या जोडीने घरटं बांधलं. चांदवा म्हणजे काळाकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा असलेला, महाभांडकुदळ पाणपक्षी. घरट्यात काड्या, चिप्सचं पाकीट आणि कुणाचा तरी मास्क. नर-मादी दिसायला सारखेच, म्हणून काकांनी एकाला चालक केलं आणि दुसऱ्याला वाहक.

"जो जास्त भांडतो तो वाहक," ते म्हणाले. "अनुभव आहे मला."

अंडी उबवायला दोघं आळीपाळीने बसत, आणि प्रत्येक ड्युटी बदलल्याची नोंद वहीत होई. एकदा वाहक वीस मिनिटं उशिरा आला. काकांनी काठावरून त्याला असं फैलावर घेतलं की कुत्रा फिरवणाऱ्या एक डच आजी थांबून गंभीरपणे मान हलवू लागल्या. मराठी त्यांना कुठून कळणार? पण कुणीतरी उशिरा आलंय, एवढं बरोबर पोचलं.

अंडी सात झाली. बावीस दिवसांत पिल्लं निघतात, असं काकांनी फोनवर वाचलं होतं. हिशेब करून त्यांनी जाहीर केलं, "गुरुवारी आगमन." तेवढ्यात अडकलेल्यांसाठीच्या खास विमानात त्यांना जागा मिळाली, ती नेमकी शुक्रवारची. काका खूश. पिल्लं बघायची आणि निघायचं.

गुरुवारी ते पहाटेपासून डबा घेऊन बसले. दुपार झाली, संध्याकाळ झाली, चालक आपला ढिम्म. काका मंदारला म्हणाले, "पुढचं विमान कधी आहे, विचार ना."

"बाबा, बदकांसाठी विमान सोडणार तुम्ही?"

"बदक नाही, चांदवा," काका म्हणाले, पण नेहमीचा जोर नव्हता. तेवढ्यात काकूंचा फोन आला. काका लांब जाऊन बोलले. परत आल्यावर डोळे पुसत म्हणाले, "तिच्या गुडघ्यांनी ती चार महिने एकटी जिने चढते आहे. जातो मी."

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी ते तळ्यावर आले. "अश्विनी, चूक माझीच. गाडी फलाटाला लागली तेव्हापासून मी वेळ धरली, सुटली केव्हा ते बघितलंच नाही. पहिलं अंडं घातल्या घातल्या ते बसत नाहीत गं, आधी अंडी जमू देतात. एवढी साधी गोष्ट, आणि मी नियंत्रक!" मग वही बाकावर ठेवून दोन पावलं मागे सरले. "चार्ज घे."

मी हसले आणि घरी येऊन रडले. या देशात मला कुणी काम दिलं, ते हे पहिलंच.

काका गेल्यावर आठव्या दिवशी सकाळी घरट्यातून लाल डोक्याचं, केशरी लव असलेलं एक ध्यान बाहेर डोकावलं. मग दुसरं. मी लगेच काकांना व्हिडिओ कॉल लावला. काका मुंबईच्या हॉटेलातले विलगीकरणाचे सात दिवस संपवून आदल्या रात्रीच कराडला पोचले होते आणि आता घरातच वरच्या खोलीत आणखी सात दिवस बंद होते. पाचवं पिल्लू दिसलं तसे ते दार उघडून जिन्याशी धावले आणि खाली बघून ओरडले, "अगं, पाच आली! दोन वाटेत आहेत!"

त्यांच्या हातातला फोन कलंडला. मला जिना दिसला आणि तळाच्या पायरीशी कठडा धरून वर बघत उभ्या काकू.

"त्यांचं कळलं," काकू म्हणाल्या. "तुम्ही कधी खाली येताय, ते सांगा."

काका मोठ्याने दिवस मोजू लागले. मी हळूच फोन बंद केला.