बामची डबी

बामचा उग्र वास आला की मला मुरबाडच्या पुढच्या एका गावातली शाळेची ओसरी दिसते. मी तिथे मास्तर होतो. गावाला सरकारने दिलेला रेडिओ माझ्या ताब्यात असे. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लावायचा आणि लोकांना तो समजावून सांगायचा. तो संपला की मी गाण्यांच्या हौसेपायी हिंदी सिनेमाची गाणी लावणारं एक परदेशी स्टेशन लावायचो. तिथे दोन गाण्यांच्या मध्ये एका बामची हिंदी जाहिरात लागे. लोक अर्थ विचारत, म्हणून मी तीही समजावून सांगे: छातीला चोळा, खोकला पळेल. त्या हिवाळ्यात पाड्यावरची एक बाई रिकामी डबी घेऊन ओसरीवर आली. तिच्या लेकीला आठवडाभर धाप लागली होती. दवाखान्यात न नेता तिने जवळच्या म्हसा गावच्या जत्रेतून बाम आणला होता, आणि आदल्या दिवशी पोर गेली होती. "गुरुजी, सरकारनी सांगलं तसं रोज चोळलं," ती म्हणाली. "माजं काय चुकलं, त्या रेडिओला इचारा ना." बोलणारं सरकार नव्हतं, बाम विकणारा होता, हे मी तिला सांगितलं नाही, आज इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सांगतोय.