चिंच, सरस आणि पितळी रथ

रोज सकाळी चूळ भरली की उकंडराव दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेराने टकटक करायचा आणि कान लावून ऐकायचा. चुलीपाशी बसलेली त्याची बायको भागिरथा न चुकता विचारायची, "कोन हाय जी आत?"

"वाळवी. तुयी चुलतबहीन हाय म्हनते."

धनजचा हा सुतार. छप्पन साली बापाबरोबर त्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, गावकीची कामं सोडली आणि करवत धरली. वखर, तिफण, बैलगाडीचं चाक, यापलीकडे त्याला कुणी बोलावत नसे.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत महावीर निर्वाणाला अडीच हजार वर्षं होत होती. कारंज्याच्या एका जैन मंदिरातला जुना रथ मिरवणुकीत निघावा, ही मंदिरात रोज येणाऱ्या भंवरीबाईंची इच्छा. सागवानी सांगाडा, त्यावर पितळी पत्रा, वर रेशमी छत. कारभारी पदमचंद म्हणाले, "आठ दिवस देतो. नाही जमलं तर पत्रा मोडीत, लाकूड बंबात." मंदिराच्या अंगणातच काम सुरू झालं; सांगाड्याचं उकंडरावकडे आलं, पत्र्याचं हरिसिंग तांबटाकडे. छत भंवरीबाईंनी स्वतःच रफू करायला घेतलं.

तिघांनीही जीव ओतून काम केलं आणि रथ बिघडला. हरिसिंगने चिंचेने पत्रा लखलखीत घासला. ते पाणी खिळ्यांच्या भोकांतून लाकडात उतरलं, सागवान फुगलं, पत्र्याला पोट आलं. ओल्या पितळेवर अंथरलेल्या रेशमाला हिरवे डाग पडले. सुटलेले सांधे चिकटवायला उकंडरावने सरस उकळत ठेवला, तर भंवरीबाई नाकाला पदर लावून आल्या.

"हे काय शिजतंय?"

"सरस हाय, बाई."

"कशाचा?"

"जनावराच्या कातड्याचा."

देवाच्या रथात हिंसा! पदमचंद कडाडले, "बस झालं. शनिवारी मोडीवाला येईल."

इतका जुना रथ आपल्या हातून बंबात जाणार, हे उकंडरावला पटेना. सरसाचं मडकं त्याने मंदिराबाहेर दूर नेऊन ओतलं आणि परत आला.

"शेठजी, शनिवारले तीन दिवस हायेत. आता कोनी एकट्यानं हात लावाचा नाही. छिन्नी उचलाच्या आधी मी ह्या दोघाईले इचारीन, तुमच्या मालाले काय होईन?"

"म्हंजे मी सुताराले इचारून पितळ घासू?" हरिसिंग फणकारला.

"रथावर घासूच नको. आधी उतरव."

हरिसिंगने एकेक खिळा काढला. कुठला कुठे होता ते कागदावर मांडून ठेवलं. पत्रा अंगणात कोरड्या राखेने घासला. सांगाडा सावलीत वाळला. उकंडरावने प्रत्येक फळी टकटक करून पोकळ तेवढ्याच बदलल्या आणि सांधे बांबूच्या मेखांनी आवळले. रेशीम आणि पितळ यांच्यामध्ये भंवरीबाईंनी मलमलीचं अस्तर शिवलं. हिरवे डाग मात्र गेले नाहीत.

मिरवणुकीच्या सकाळी रथ दारातून निघाला. ना करकर, ना हेलकावा. चौकात पदमचंदांनी आपल्या हातातला दोर उकंडरावपुढे धरला. "ओढा, मिस्त्री."

"ए वखरवाल्या, वाकडा नेऊ नको!" मागून हरिसिंग ओरडला. भंवरीबाई डोळे पुसता पुसता हसल्या. उकंडरावने दोर खांद्यावर घेतला आणि रथ सरळ बाजारपेठेतून नेला.

मग दर दिवाळीला रथ निघू लागला. एकोणऐंशीच्या दिवाळीत उकंडराव तापाने अंथरुणाला खिळला होता. दुपारच्या एस्टीने हरिसिंग धनजला आला.

"रथ निंगाला काय?"

"निंगाला. एक मेख हालली नाही तुयी."

उकंडराव आढ्याकडे बघून हसला. मग भागिरथेकडे मान वळवून म्हणाला, "पाव्हना उपाशी असन. त्याले आधी जेवाले वाढ."