आईच्या मानेवरची चामखीळ

आईच्या मानेमागे, मंगळसूत्र घासायचं नेमकं तिथे, एक चामखीळ होती. तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्यात काही म्हणजे काही नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते.

देवासच्या कातडीच्या डॉक्टरांनी बघितली आणि हसले. "मस्सा है, माताजी. शुगर वालों को होते रहते हैं. रहने दो, नहीं तो दो मिनट में जला देते हैं."

जला देते हैं! आईनं पदर सावरला आणि सरळ बाहेर. रिक्षात म्हणाली, "अगं, जाळतात ते मढ्याला. मी अजून जिवंत आहे." उभा जन्म माळव्यात गेला, पण हिंदी शब्द कानात शिरला की तिच्या आत त्याचं मराठीच व्हायचं. सुई देऊन जागा बधिर करतात, मशीनचं टोक नुसतं टेकवतात, एवढं समजवायला मला पाच मिनिटं लागली असती. पण शाळेतून अर्धी रजा टाकून आणलं होतं तिला, माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मग बस कुरवाळत!"

पुढच्याच आठवड्यात धारला मामेभावाचं लग्न. वरातीत आई घोडीवाल्याच्या मागे. "भिया, पूंछ का एक बाल दे दो ना!" आम्ही पोट धरधरून हसलो. घोड्याचा केस आवळून बांधला की चामखीळ सुकून गळते, असं तिच्या माहेरी सगळेच मानायचे. मानेमागे तिचा हात नीट पोचेना, म्हणून केस मी बांधला. "अजून आवळ गं," म्हणाली.

तिची साखर किती वर असते, हे मला ठाऊक होतं. तरी आवळला.

चार दिवसांत मान सुजली, लालबुंद झाली, मग ताप. तिनं लपवलं, मीही विचारलं नाही. इस्पितळात नेलं तोवर पू खोलवर गेला होता. तिथला डॉक्टर भडकला. "ये किसने बांधा?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "इन्होंने खुद."

आई शुद्धीवर होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मग त्याला म्हणाली, "हां बेटा, मैंनेच बांधा."

तिसऱ्या दिवशी ती गेली. घरात सगळे अजून म्हणतात, हट्टी बाई, स्वतःच्या हातानं मरण ओढवून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण मी तोंड उघडत नाही. हे लिहिलं तेही मराठीत, कारण आमच्या घरात माझ्याशिवाय आता मराठी कुणी वाचत नाही.